चाक रेषेकडे सरकताच मिळणारा इशारा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गाडी आपल्या लेनमधून नकळत बाहेर जाऊ लागली की चालकाला सावध करणारी यंत्रणा आता मध्यम किमतीच्या गाड्यांतही मिळू लागली आहे. तिच्याविषयी आलेल्या पत्रांची संख्या पाहता या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयासाठी ठेवले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून वाचकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : या वर्षी घेतलेल्या आमच्या गाडीत लेन सुटल्याचा इशारा देणारी यंत्रणा आहे. पुणे-सातारा रस्त्यावर ती विनाकारण वाजते, कधी स्टेअरिंगही थरथरते आणि आपोआप वळू पाहते. शोरूममध्ये विचारले तर ‘नॉर्मल आहे’ एवढेच उत्तर मिळाले. शेवटी मी ती बंद करून टाकली. यात काही धोका आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आधी ही यंत्रणा नेमके काय पाहते ते समजून घेऊ, म्हणजे ती ‘विनाकारण’ का वाजते याचाही उलगडा होईल. आतल्या आरशाच्या मागे समोरच्या काचेवर जो काळ्या ठिपक्यांचा पट्टा असतो, त्यात एक लहानशी उघडी जागा सोडलेली दिसेल. तिथे काचेला लागून कॅमेरा बसवलेला असतो. तो समोरच्या रस्त्याची चित्रे सतत घेत राहतो आणि काळसर डांबर व उजळ रंग जिथे भेटतात त्या कडा शोधून त्यांतून लेनच्या दोन रेषा ओळखतो. मग गाडी त्या रेषांपासून किती अंतरावर आहे, तिचे नाक रेषेकडे किती वळलेले आहे आणि वेग किती आहे, या तीन गोष्टींवरून चाक रेषेला किती वेळात लागेल याचा हिशोब केला जातो. तो वेळ ठरावीक मर्यादेखाली आला आणि तुम्ही त्या बाजूचा इंडिकेटर दिलेला नसला, की इशारा मिळतो. इंडिकेटर दिला असेल तर तुम्ही जाणूनबुजून लेन बदलत आहात असे धरून यंत्रणा गप्प राहते.

आता आकडे पाहा. आपल्या राष्ट्रीय महामार्गांवर लेनची रुंदी साधारण ३.५ मीटर असते आणि मोटारीची सुमारे १.८ मीटर. म्हणजे गाडी अगदी मधोमध असली तरी दोन्ही बाजूंना जेमतेम ८५ सेंटिमीटर जागा उरते. ताशी १०० किलोमीटर वेगात गाडीचे तोंड रेषेकडे फक्त एका अंशाने कलले, तर ती सेकंदाला ४८ सेंटिमीटर या गतीने बाजूला सरकते आणि पावणेदोन सेकंदांत चाक रेषेवर जाते. एक अंशाचा कल डोळ्यांना जाणवत नाही, त्यामुळे आपण सरळच चाललो आहोत असे चालकाला वाटत असते आणि इशारा अवेळी आल्यासारखा भासतो. तुमच्या तक्रारीतला बराचसा भाग या प्रकारचा असावा.

दुसरे मोठे कारण इंडिकेटरचे आहे. मागे कोणी नसेल तर इंडिकेटर न देताच लेन बदलण्याची सवय आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की ती चूक वाटतच नाही. यंत्रणेला मात्र मागे कोणी असणे-नसणे ठाऊक नसते, तिला फक्त रेषा आणि इंडिकेटर एवढेच कळते. आठवडाभर प्रत्येक लेन बदलताना, रिकाम्या रस्त्यावरसुद्धा, इंडिकेटर देऊन पाहा, निम्म्याहून अधिक आवाज बंद होतील असा माझा अंदाज आहे. उरलेल्यांपैकी काही खरोखर चुकीचे असतील. रुंदीकरणाच्या कामाजवळ जुनी रेषा अर्धवट खरवडून शेजारी नवी मारलेली असते, तिथे कॅमेरा गोंधळतो. डांबराच्या भेगा बुजवण्यासाठी ओतलेले चकचकीत पट्टे उन्हात रेषेसारखे दिसतात. वळणाच्या आतल्या बाजूने गाडी कापून नेण्याची सवय असेल, तर तोही इशारा खरा समजावा.

स्टेअरिंग वळू पाहते ही मात्र निराळी गोष्ट आहे आणि ती वेगळी ओळखणे महत्त्वाचे आहे. नुसता इशारा देणे हे एक काम, रेषेजवळ जाताच गाडीला हलकेच आत ओढणे हे दुसरे, आणि गाडी सतत लेनच्या मधोमध ठेवणे हे तिसरे. अनेक गाड्यांत ही तीनही कामे एकाच कॅमेऱ्यावर चालतात, पण मेनूमध्ये ती स्वतंत्रपणे निवडता येतात. आपल्या रस्त्यांवर अडचण मुख्यतः दुसऱ्या कामाची होते. कडेने चाललेल्या सायकलवाल्याला किंवा बैलगाडीला पुरेशी जागा देण्यासाठी आपण इंडिकेटर न देता गाडी थोडी उजवीकडे घेतो, चाक रेषेवर जाते आणि यंत्रणा गाडीला पुन्हा डावीकडे, म्हणजे नेमकी त्या सायकलकडे, ओढू लागते. हा ओढा हाताने सहज मोडता येतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्यासाठी चालकाला ५० न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण पाच किलो वजन उचलण्याइतक्या जोरापेक्षा, जास्त जोर लागता कामा नये. तरीही त्या क्षणी दचकायला होते हे खरे आहे.

म्हणून माझा सल्ला असा की संपूर्ण यंत्रणा बंद करू नका. मेनूमध्ये जाऊन केवळ इशारा ठेवा आणि स्टेअरिंग ओढण्याची सोय हवी तर फक्त द्रुतगती मार्गावर चालू करा. इशारा लवकर हवा की उशिरा, हे बहुतेक गाड्यांत निवडता येते, त्यात ‘उशिरा’ निवडा. आवाजाऐवजी कंपनाची सोय असेल तर तीही घ्या, कारण आवाज साऱ्या गाडीला ऐकू जातो आणि मागच्या सीटवरून टोमणे सुरू झाले की चालक बटण दाबून मोकळा होतो. हे आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने, जिला आयआयएचएस म्हणतात, २०१६ मध्ये सर्व्हिसिंगसाठी आलेल्या होंडा गाड्या तपासल्या तेव्हा लेनचा इशारा जेमतेम एक तृतीयांश गाड्यांत चालू होता, पुढच्या गाडीवर आदळण्याचा इशारा मात्र जवळपास सगळ्यांनी चालू ठेवला होता.

प्रश्न : ही यंत्रणा पावसाळ्यात जवळजवळ कामच करत नाही, आणि आमच्या गावाकडच्या रस्त्यावर तर कधीच नाही. गाडीत दोष आहे असे समजावे का?
— एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : गाडीत दोष असण्याची शक्यता कमी आहे. ज्या रस्त्यावर रेषाच नाहीत तिथे कॅमेऱ्याला पाहण्यासारखे काही नसते. शिवाय बऱ्याच गाड्यांत ही यंत्रणा ताशी सुमारे ६० किलोमीटरच्या खाली झोपलेली असते. ट्रक व बससाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या १३० क्रमांकाच्या नियमातही तिने ६० च्या वर काम केले पाहिजे, एवढीच अट आहे. गावातल्या अरुंद रस्त्यावर ती गप्प असते हे योग्यच आहे.

पावसाची गोष्ट अधिक खोलात जाऊन सांगण्यासारखी आहे. रस्त्यावरची पांढरी पट्टी म्हणजे नुसता रंग नसतो. गरम करून ओतलेल्या थर्मोप्लास्टिकवर काचेचे बारीक मणी पेरलेले असतात आणि रात्री दिव्याचा उजेड ते मणी पुन्हा गाडीच्या दिशेने परतवतात, म्हणून पट्टी चमकताना दिसते. पाऊस पडू लागला की या मण्यांवर पाण्याचा पातळ थर चढतो, उजेड परतण्याऐवजी पुढे घसरून जातो आणि पट्टी काळ्या रस्त्यात विरून जाते. त्याच वेळी समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे ओल्या डांबरावर लांबच लांब पट्टे उमटवतात. तुमच्या डोळ्यांना जिथे रेषा दिसत नाही तिथे कॅमेऱ्यालाही ती दिसत नाही. सुरुवातीच्या काळात, म्हणजे २००५ च्या सुमारास, सिट्रोएन कंपनीने पुढच्या बंपरखाली इन्फ्रारेड सेन्सर लावून, ज्या बाजूची रेषा ओलांडली त्या बाजूने चालकाची सीट थरथरवण्याची पद्धत काढली होती. पण असा सेन्सर फक्त आपल्याखालची जमीन पाहतो, पुढचा रस्ता पाहू शकत नाही. त्यामुळे पुढे कॅमेराच सर्वत्र रूढ झाला आणि कॅमेऱ्याबरोबर त्याच्या मर्यादाही आल्या.

यंत्रणा या क्षणी पाहते आहे की नाही हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे, आणि ती फार कमी चालकांना ठाऊक असते. वेग दाखवणाऱ्या पडद्यावर दोन तिरक्या रेषांचे लहान चिन्ह असते. रेषा करड्या असतील तर कॅमेऱ्याला रस्त्यावर काही सापडलेले नाही, त्या पांढऱ्या किंवा हिरव्या झाल्या की यंत्रणा जागी आहे असे समजावे. काही वेळा एकच बाजू उजळलेली दिसते, म्हणजे मधली रेषा सापडली आहे पण कडेची नाही. रंगांची योजना कंपनीनुसार बदलते, तेव्हा आपल्या गाडीचे पुस्तक एकदा उघडून पाहावे.

दुरुस्तीला नेण्याआधी काचेकडेही नीट बघा. फास्टॅगचे स्टिकर कॅमेऱ्यासमोरच चिकटवलेले असते, वायपरचे रबर झिजून नेमक्या त्या जागी पाण्याची फेसाळ रेघ उरते, किंवा डॅशबोर्डवर अंथरलेल्या उजळ कापडाचे प्रतिबिंब काचेत पडून कॅमेऱ्याच्या वाटेत येते. आरशाला टांगलेली माळ हलत राहिली तरी तोच परिणाम होऊ शकतो. यातले एकही कारण गॅरेजमधल्या संगणकावर दोष म्हणून उमटेलच असे नाही.

प्रश्न : माझे पती व्यवसायानिमित्त नागपूरहून मुंबईपर्यंत समृद्धी महामार्गाने वरचेवर रात्री गाडी चालवत जातात. नव्या गाडीत लेनचा इशारा असल्याने आता डुलकी लागली तरी गाडीच उठवेल, असे ते म्हणतात. मला हे पटत नाही. आपण काय सांगाल?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि हे उत्तर त्यांना वाचून दाखवावे अशी विनंती आहे.

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा. मोटारींसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे, रस्ता काँक्रीटचा, सरळ आणि बराच काळ एकसुरी आहे. चौक नाही, सिग्नल नाही, वाटेत गाव नाही. अशा रस्त्यावर डोळे उघडे असूनही मन सुस्तावते आणि मधल्या काही किलोमीटरांची आठवणच राहत नाही. याला ‘महामार्ग संमोहन’ म्हणतात आणि समृद्धीवरील अपघातांच्या चर्चेत हा शब्द सुरुवातीपासून येत राहिला आहे. या प्रकारच्या बेसावधपणावर लेनचा इशारा खरोखर गुणकारी आहे, कारण चालक जागा असतो, हात स्टेअरिंगवर असतात आणि एका कंपनाने तो भानावर येतो.

झोप ही वेगळी अवस्था आहे. ताशी १२० च्या वेगात गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे १३३ मीटर अंतर आंधळेपणाने कापणे होय. एक अंशाचा कल धरला तर या वेगात गाडी सेकंदाला ५८ सेंटिमीटर बाजूला सरकते, आणि अशा मार्गावरच्या ३.७५ मीटर रुंद लेनमध्येही दोन सेकंदांच्या आत रेषेवर पोहोचते. इशारा रेषेच्या आसपास मिळतो. जड वाहनांसाठीच्या नियमात तर चाक रेषेच्या बाहेर ३० सेंटिमीटर जाईपर्यंत इशारा आला तरी चालतो. त्यानंतर झोपलेल्या माणसाने दचकून जागे व्हायचे, आपण कुठे आहोत हे समजून घ्यायचे आणि मग स्टेअरिंग हलवायचे. यातली सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे अर्धवट जागा झालेला माणूस स्टेअरिंग हळुवार फिरवत नाही, तो ते झटक्याने ओढतो आणि या वेगात तेवढ्यानेच गाडी आडवी होऊ शकते.

आयआयएचएस संस्थेच्याच एका अभ्यासात लेन सोडून अपघात झालेल्या चालकांची स्थिती तपासली, तेव्हा सुमारे एक तृतीयांश चालक झोप, आजार किंवा नशा यांमुळे गाडी सावरण्याच्या स्थितीतच नव्हते असे आढळले. त्यांच्यापुढे कोणी कितीही वेळ घंटा वाजवली असती तरी उपयोग मर्यादितच होता.

तेव्हा इशाऱ्याचा उपयोग त्यांनी असा करावा. एका तासात दोनदा तो अनपेक्षितपणे वाजला, तर तो रस्त्याविषयी नसून स्वतःविषयी आहे असे मानावे आणि पुढच्या विश्रांतिस्थळी गाडी थांबवावी. कॉफी पिऊन लगेच निघण्यापेक्षा कॉफी पिऊन पंधरा-वीस मिनिटे सीट मागे करून झोपावे, कारण कॉफीचा परिणाम सुरू व्हायला तेवढाच वेळ लागतो. मध्यरात्रीनंतर दोन ते पहाटे सहा या वेळेत शरीर झोप मागणारच, तिथे मनोनिग्रह कामाला येत नाही. शक्य असेल तर ही वेळ प्रवासातून वगळावी. आणि रात्रीच्या वेळी वेग शंभरच्या आत ठेवला तर मुंबईला पोहोचायला थोडा उशीर होईल, एवढेच.

या निमित्ताने रस्ते बांधणाऱ्यांकडेही एक मागणी करावीशी वाटते. रस्त्याच्या कडेची रेषा उंचवट्यांची केली, की चाक तिच्यावर जाताच घरघर होते आणि सारी गाडी थरथरते. त्यासाठी कॅमेरा लागत नाही, पाऊस आड येत नाही, आणि वीस वर्षे जुन्या टेम्पोलाही ती तितक्याच जोराने जागे करते. लांब पल्ल्याच्या प्रत्येक महामार्गावर दोन्ही कडांना अशी रेषा अखंड असली पाहिजे.

प्रश्न : आमच्या ट्रॅव्हल्सच्या लक्झरी बस पुणे, मुंबई, बेंगळुरू मार्गांवर धावतात. ही यंत्रणा बसना सक्तीची होणार असे ऐकतो. जुन्या बसमध्ये ती बसवून घेता येईल का, आणि बसवावी का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने मार्च २०२५ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती सुचवणारा मसुदा प्रसिद्ध केला. आठांहून अधिक प्रवासी नेणाऱ्या गाड्या, बस आणि जड मालवाहू वाहने यांच्यात आपत्कालीन स्वयंचलित ब्रेक, चालक पेंगुळल्याचा इशारा आणि लेन सुटल्याचा इशारा असावा, असे त्यात म्हटले आहे. लेनच्या इशाऱ्यासाठीचे मानक एआयएस १८८ हे आहे. हे सारे नव्याने तयार होणाऱ्या वाहनांसाठी आहे, आज धावणाऱ्या बससाठी नाही. नव्या आणि चालू मॉडेलना वेगवेगळ्या तारखा लागू होतात, म्हणून नवी चॅसिस बुक करताना ती कोणत्या नियमांप्रमाणे आहे हे कंपनीकडून लेखी घ्यावे.

जड वाहनांपासून सुरुवात करण्यात शहाणपण आहे, आणि जगातही तसेच घडले. युरोपात ही यंत्रणा २००० साली प्रथम मर्सिडीजच्या अॅक्ट्रोस ट्रकमध्ये आली. युरोपीय संघाने ती नव्या प्रकारच्या ट्रक व बससाठी १ नोव्हेंबर २०१३ पासून आणि सर्व नव्या ट्रक व बससाठी १ नोव्हेंबर २०१५ पासून सक्तीची केली, मोटारींचा क्रमांक पुष्कळ नंतर लागला. अडीच मीटर रुंदीच्या बसला साडेतीन मीटरच्या लेनमध्ये प्रत्येक बाजूला अवघी अर्धा मीटर जागा मिळते. चालकाने बाटली उचलण्यासाठी क्षणभर मान वळवली तरी ती संपते, आणि बसमध्ये मागे चाळीस माणसे झोपलेली असतात.

जुन्या बसमध्ये ही यंत्रणा बसवता येते. बाजारात दोन प्रकार मिळतात आणि त्यांच्यातला फरक समजून घेतला नाही तर पैसे वाया जातील. एका प्रकारात काचेवरच्या कॅमेऱ्याला बसच्या वायरिंगमधून खरा वेग आणि इंडिकेटरची खबर मिळते. दुसऱ्या, स्वस्त प्रकारात डॅशकॅममध्येच ही सोय दिलेली असते, वेग उपग्रहावरून घेतला जातो आणि इंडिकेटर लागला की नाही हे त्याला कळतच नाही. त्यामुळे प्रत्येक ओव्हरटेकला तो ओरडतो आणि दोन दिवसांत चालक त्याच्या स्पीकरवर चिकटपट्टी लावतो. अशी चिकटपट्टी लावलेल्या बस मी स्वतः पाहिल्या आहेत आणि त्या चालकांना दोष देणे मला शक्य झाले नाही. विक्रेत्याला पहिला प्रश्न इंडिकेटरच्या जोडणीचा विचारा. उत्तर टाळले गेले तर व्यवहार तिथेच थांबवा.

महाराष्ट्रात याचा एक चांगला दाखला आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये नागपुरात ‘आयरास्ते’ हा प्रकल्प सुरू झाला. त्यात नागपूर महापालिका, इंटेल, हैदराबादची आयआयआयटी, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था आणि महिंद्र अशा संस्था एकत्र आल्या आणि शहर बसमध्ये अशा इशाऱ्यांची उपकरणे बसवली गेली. चालकाला सावध करणे हा त्याचा एक भाग होता, दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. इशारे शहरात कुठे कुठे वारंवार मिळतात याची नोंद नकाशावर घेतली गेली आणि जिथे अजून मोठा अपघात झालेला नाही, पण होण्याची चिन्हे आहेत, अशा जागा हेरण्याचा प्रयत्न झाला. अपघातांत माणसे दगावल्यानंतर जागेला ‘ब्लॅक स्पॉट’ ठरवायचे आणि मग दुरुस्ती करायची, या रीतीपेक्षा ही वाट निश्चित चांगली आहे.

तुमच्या व्यवसायातही नोंदींचा असाच उपयोग करा. एकाच चालकाच्या फेरीत पहाटे चारनंतर इशारे वाढत असतील, तर त्याला कार्यालयात बोलावून पगार कापण्याआधी त्याची आदली रात्र कुठे गेली हे विचारा. दोन फेऱ्यांमध्ये त्याला झोपायला जागा आणि वेळ मिळत नसेल, तर ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदींचा वापर दंडासाठी होतो हे एकदा चालकांच्या लक्षात आले, की उपकरण कोणत्या ना कोणत्या कारणाने बंद पडत राहते.

प्रश्न : मी जर्मनीत राहतो. इथल्या माझ्या नव्या गाडीत ही यंत्रणा बंद केली तरी पुढच्या वेळी गाडी सुरू करताच पुन्हा चालू होते. जुन्या गाडीत असे नव्हते. हे कायमचे बंद करता येते का?
— एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर : नाही, आणि हा बिघाड नाही. युरोपीय संघाच्या २०१९ च्या सुरक्षा नियमाप्रमाणे मोटारींना आपत्कालीन लेन-रक्षण यंत्रणा सक्तीची झाली, नव्या मॉडेलना जुलै २०२२ पासून आणि सर्व नव्या मोटारींना जुलै २०२४ पासून. गाडी सुरू करताना ती प्रत्येक वेळी चालू स्थितीतच असली पाहिजे आणि ती बंद करण्यासाठी चालकाला जाणीवपूर्वक कृती करावी लागली पाहिजे, हा त्या नियमाचाच भाग आहे. बऱ्याच कंपन्यांनी आता एक बटण जरा वेळ दाबून ठेवले की ती त्या प्रवासापुरती बंद होईल अशी सोय दिली आहे. अरुंद ग्रामीण रस्त्यांवर ती वापरण्यास हरकत नाही, आऊटोबानवर, म्हणजे तिथल्या द्रुतगती महामार्गावर, मात्र यंत्रणा चालू राहू द्यावी.

प्रश्न : मी यंत्र अभियंता म्हणून निवृत्त झालो आहे. जाहिरातींत ‘लेव्हल २’ वगैरे शब्द वापरून गाड्या विकल्या जातात. लेनच्या इशाऱ्याने अपघात खरोखर कमी होतात याला पुरावा आहे, की हा केवळ विक्रीचा मुद्दा आहे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पुरावा आहे, मात्र तो कोणत्या रस्त्यांवरचा आहे हे पाहून घ्यावे लागते. आयआयएचएस संस्थेने २०१७ मध्ये अमेरिकेतील पोलिसांकडे नोंदलेले अपघात तपासले. एकाच वाहनाचे, बाजूने घासण्याचे आणि समोरासमोरचे, म्हणजे ज्या अपघातांवर या यंत्रणेचा परिणाम होऊ शकतो तेवढेच, त्यात धरले होते. यंत्रणा असलेल्या गाड्यांत अशा अपघातांचे प्रमाण ११ टक्क्यांनी आणि दुखापत झालेल्या अपघातांचे २१ टक्क्यांनी कमी दिसले. त्याच वर्षी स्वीडनमध्ये व्होल्वो गाड्यांवर झालेल्या अभ्यासात समोरासमोरच्या आणि एकट्या वाहनाच्या, चालक जखमी झालेल्या अपघातांत ५३ टक्क्यांची घट आढळली. हा आकडा मोठा दिसतो, पण तो ताशी ७० ते १२० किलोमीटर वेगमर्यादेच्या आणि बर्फ नसलेल्या रस्त्यांपुरता होता, शिवाय नमुना लहान असल्याने खरी घट ११ टक्क्यांइतकी कमीही असू शकते असे संशोधकांनीच नमूद केले होते. बर्फाखाली रेषा झाकली गेली की यंत्रणा निरुपयोगी ठरते, म्हणून ते रस्ते वगळावे लागले. आपल्याकडे झिजलेल्या, धुळीत गाडल्या गेलेल्या किंवा मारल्याच न गेलेल्या रेषा तेच काम करतात.

इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी ३५ ही संहिता रेषांची रुंदी, जागा आणि उजळपणा ठरवून देते आणि २०१५ मध्ये तिची सुधारित आवृत्तीही निघाली. उणीव आहे ती देखभालीची. डांबराचा नवा थर टाकल्यानंतर महिनोन्‌महिने पट्टे मारले जात नाहीत, आणि तेवढ्या काळात त्या रस्त्यावर ही यंत्रणा असून नसल्यासारखी होते. गाडी घेणाऱ्याने या सोयीसाठी पैसे मोजले असतील, तर रस्त्यावर रेषा मागण्याचाही त्याला पूर्ण हक्क आहे आणि तशी लेखी तक्रार वाचकांनी संबंधित कार्यालयाकडे करत राहावी असे मला मनापासून वाटते.

‘लेव्हल २’ विषयी थोडक्यात सांगतो. गाडी स्वतःहून किती काम करते हे सांगणारी ही शून्य ते पाच अशी श्रेणी आहे. नुसता लेनचा इशारा तिच्यात शून्य पातळीवर येतो. पुढच्या गाडीशी अंतर राखणे आणि लेनच्या मधोमध चालणे ही दोन्ही कामे गाडी एकाच वेळी करू लागली की दुसरी पातळी होते. तिथेही सतत लक्ष ठेवण्याची आणि गाडी चालवण्याची पूर्ण जबाबदारी चालकाचीच असते. जाहिरातीत हात सोडून बसलेला चालक दाखवला असेल, तर ती जाहिरात चुकीची आहे.

प्रश्न : खडा उडून समोरची काच फुटली. बाहेरच्या दुकानात स्वस्तात नवी बसवली. तेव्हापासून लेनचा इशारा डाव्या बाजूला फार लवकर आणि उजव्या बाजूला जवळजवळ मिळतच नाही. दुकानदार म्हणतो, काचेचा याच्याशी संबंध नाही.
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : संबंध आहे, आणि तुम्ही वर्णन केलेले लक्षण नेमके त्याचेच आहे. कॅमेरा काचेला धरून बसवलेला असतो. काच बदलताना तो काढून पुन्हा लावला जातो आणि त्याचा रोख एका अंशाने जरी डावीकडे-उजवीकडे झाला, तरी ३० मीटर पुढच्या रेषेचा अंदाज अर्ध्या मीटरने चुकतो. म्हणून काच बदलल्यावर कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याचा रोख पुन्हा अचूक जुळवून घेणे, आवश्यक असते. काही गाड्यांत ते कार्यशाळेत ठरावीक अंतरावर नक्षीचा फलक ठेवून करतात, काहींत संगणक जोडून स्पष्ट रेषांच्या रस्त्यावर गाडी चालवून. पुढच्या बाजूला अपघाताची दुरुस्ती किंवा सस्पेन्शनचे काम झाले असेल तरीही ते करून घ्यावे.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये आधी व्हील अलाइनमेंट तपासायला सांगा, मग कॅलिब्रेशन करा आणि केल्याची नोंद जॉबकार्डवर घ्या. नवी काच तुमच्याच मॉडेलच्या कॅमेऱ्यासाठीची आहे का, हेही तिथेच विचारा, कारण कॅमेऱ्यासमोरच्या भागात काचेचा दर्जा वेगळा असावा लागतो आणि तिथे फिल्म तर अजिबात चालत नाही. विम्यातून काच बदलणार असाल तर कॅलिब्रेशनचा खर्च अंदाजपत्रकात आधीच लिहून घ्यावा. हे होईपर्यंत मेनूमधून इशारा आणि स्टेअरिंग ओढणे दोन्ही बंद ठेवा. एरवी मी हा सल्ला देत नाही, पण चुकीच्या जागी रेषा पाहणारी यंत्रणा चालू ठेवणे अधिक धोक्याचे आहे.